डी-मार्टच्या मोफत व्हाउचरची लिंक सासूबाईंनी बचतगटाच्या ग्रुपवर पुढे पाठवली आहे. ती खोटी कशी ओळखायची आणि आता काय करायचं?

आधी तो मेसेज काढा, बाकीचं नंतर वाचा. सासूबाईंच्या फोनवर मेसेज दाबून धरा, डिलीट करा आणि 'सर्वांसाठी' निवडा. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांपर्यंत हे जमतं. वेळ उलटून गेली असेल तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगा, अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज काढता येतो.

घाई अशासाठी, की लिंक सासूबाईंच्या नावाने आली म्हणून गटातल्या बायका ती डोळे झाकून उघडतील. हा सगळा धंदा ओळखीच्या माणसावरच्या भरवशावर चालतो.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. 2021 मध्ये 'डी-मार्टचा 20 वा वर्धापनदिन, चाक फिरवा, गिफ्ट कार्ड जिंका' हा मेसेज फिरत होता, तेव्हा शेजारच्या वहिनी फोन घेऊन आल्या. त्यांना ती लिंक नणंदेने पाठवलेली, म्हणून खरीच वाटत होती. मी दुकानातल्या सिम नसलेल्या जुन्या फोनवर ती लिंक उघडली. चाक फिरवलं, पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा बक्षीस. पान बंद करून पुन्हा उघडलं, तरी पहिल्यांदा काही नाही आणि दुसऱ्यांदा तेच बक्षीस. मग हुकूम आला, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना पाठवा, निळी पट्टी भरली की कार्ड तुमचं. मी बटण दाबलं, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, कुणालाही काही न पाठवता मागे आलो. पट्टी तरीही पुढे सरकली! तुम्ही खरंच कुणाला पाठवलं का, हे त्या पानाला कळूच शकत नाही. बटण किती वेळा दाबलं तेवढंच ते मोजतं. खाली 'मला आजच मिळालं' अशा प्रतिक्रिया होत्या, त्यावर बोट ठेवलं तर काहीच उघडेना. नुसता छापील मजकूर. वहिनींनी तिथूनच नणंदेला फोन लावला.

पट्टी भरल्यावर कार्ड येत नाही. अ‍ॅप उतरवा, फॉर्म भरा, नंबर द्या, असं सुरू होतं. प्रत्येक अ‍ॅपमागे, प्रत्येक फॉर्ममागे कुणाला तरी कमिशन मिळतं. आणि तुमचा नंबर अशा माणसाच्या हाती पडू शकतो, जो पुढे फोन करून म्हणतो, 'व्हाउचर तयार आहे, फक्त ओटीपी सांगा.' पैसे मिळायचे असतील तर यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढं तरी सासूबाईंच्या मनावर ठसवा.

ओळखायचं कसं? मेसेजमधलं चित्र आणि लोगो सोडून द्या, ते कुणीही चिकटवतं. लिंकचा पत्ता वाचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे खरा मालक असतो. तिथे 'डीमार्ट डॉट इन' असेल तर पत्ता त्यांचा. 'डीमार्ट डॉट अमुकतमुक डॉट टॉप' असेल तर मालक अमुकतमुक, पुढचं डीमार्ट नुसतं दाखवायला. एखादं अक्षर दिसायला सारखं पण वेगळं असतं, म्हणून शंका आली तर लिंक न दाबता नाव स्वतः टाइप करून दुकानाची साइट उघडा. आणखी एक, तारखा ताडून बघा. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत सुरू झालं, म्हणजे 2021 मध्ये वीस वर्षं भरलीच नव्हती. इंग्लंडमध्ये टेस्को आणि आल्डी या तिकडच्या सुपरमार्केटच्या नावाने असेच मेसेज फिरलेत, तिकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांनाही कळवा.

आता सासूबाईंनी नक्की काय केलं ते शांतपणे विचारा. ओरडलात तर पुढच्या वेळी त्या लपवतील. नुसती लिंक उघडली असेल तर पान बंद करा आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये त्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली असेल तर काढा. एपीके फाइल (प्ले स्टोअरऐवजी थेट लिंकवरून उतरवलेलं अ‍ॅप) बसवली असेल तर मात्र लगेच फोनचं वायफाय आणि डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा, मग ते अ‍ॅप काढा. बँकेच्या कार्डाचा नंबर दिला असेल तर कार्ड ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर पोलिस ठाण्यात जायची वाट बघू नका, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. पैसे गेले नसतील, नुसता मेसेजच आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' साइटवरच्या 'चक्षू' या सोयीवर तक्रार करा.

आणि ग्रुपवर सासूबाईंनी स्वतः लिहावं, तुम्ही नको. एवढं पुरे: 'बायांनो, मी सकाळी पाठवलेली डी-मार्टची लिंक खोटी होती. कुणी उघडली असेल तर मला फोन करा, माझ्या सुनेला काय करायचं ते माहीत आहे.'