भाऊबीजेच्या तबकातली पावती

भाऊबीजेला ओवाळणी आणि भेटवस्तूंऐवजी एखाद्या संस्थेला देणगी द्यायची म्हणतोस ना? मग पहिलं म्हणजे, हे ऐन दिवाळीत जाहीर करू नकोस. गणपतीत सगळे जमतात तेव्हाच विषय काढ. मी पहिल्या वर्षी उशिरा बोललो, तोवर ताईने माझ्यासाठी शर्ट घेऊन ठेवला होता. तिचं मन दुखावलं.

संस्था तू ठरवू नकोस, बहिणीला ठरवू दे. ओवाळणी तिची आहे. ताईने पुण्याची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था निवडली. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेलं काम आजही मुलींच्या शिक्षणासाठी चालू आहे, आणि भाऊबीज निधी ही तिथली जुनी परंपरा. आपल्या सणातूनच उगवलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

औक्षण मात्र सोडायचं नाही. पाट, रांगोळी, सुपारी, सगळं तसंच. तबकात पाकिटाऐवजी देणगीची पावती आणि वर एक रुपयाचं नाणं.

पैसे चेकने किंवा ऑनलाइन दे. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही. नवी करप्रणाली घेतली असशील तर ती तशीही नाही.

भाचरांच्या भेटींना हात लावू नकोस. किल्ल्यावरचे मावळे त्यांना हवेतच.