पेन्शनीत आल्यावर थेट आमदारकी लढवता येईल का?

तुम्ही विचारलंय की सतरा वर्षांची फौजेतली नोकरी संपवून येत्या मार्चमध्ये दापोलीला घरी येतोय, तर थेट विधानसभेला उभं राहू का. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नायब सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो, गाव याच तालुक्यात. आमदार काही झालो नाही. ग्रामपंचायतीला एकदा पडलो, एकदा निवडून आलो. तेवढ्याच अधिकाराने सांगतो.

कागदपत्रांचं सोपं आहे. अर्ज भरण्याआधी डिस्चार्ज हातात हवा, वय २५ पूर्ण हवं आणि राज्यात कुठेतरी मतदार यादीत नाव हवं. तुम्ही आत्ता सर्व्हिस व्होटर, म्हणजे फौजींच्या वेगळ्या मतदार यादीत असाल, तर आल्या आल्या फॉर्म ६ भरून गावच्या यादीत या. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी; एक षष्ठांश मतं पडली नाहीत की जप्त. अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात. आणि जवानांचे फोटो बॅनरवर नकोत, हे निवडणूक आयोगाने २०१९ मध्ये पक्षांना पुन्हा बजावलंय.

खरी गोची वेगळीच आहे. सतरा वर्षं आपण गावाला रजेपुरते पाहुणे. पहिल्याच ग्रामसभेत मी नळपाणी योजनेवर ऑर्डर दिल्यासारखा बोललो. मागून एक म्हातारे म्हणाले, "सुभेदार, हितं कोन सावधानमध्ये उभं न्हाय, बसा." बसलो.

निवडणुकीत अकरा मतांनी पडलो. घरोघर फिरलो होतो, पण मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या बैठकीला गेलो नव्हतो. आमच्या खालच्या वाडीची मतं वाडीत ठरतच नाहीत, परळच्या एका खोलीत ठरतात. विधानसभेला अशा किती वाड्या आणि किती मंडळं, तुम्हीच हिशोब करा.

लोक सुधीर सावंतांचं उदाहरण देतात. फौजेतून आले आणि १९९१ ला राजापुरातून मधू दंडवत्यांना हरवून लोकसभेत गेले. खरं आहे, पण पाठीशी काँग्रेसचं तिकीट होतं. मला आपल्याच भागातले, महार समाजातले फौजी गोपाळबाबा वलंगकर जास्त जवळचे वाटतात. १८८६ ला पेन्शनीत आले आणि कॅम्प दापोलीत राहिले (तेव्हा ती पेन्शनरांचीच वस्ती). वर्तमानपत्रांत लिहिलं, महारांची फौजभरती बंद झाली तेव्हा सरकारसाठी अर्ज तयार केला. १८९५ ला महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तर सवर्ण सभासदांनी गदारोळ केला. त्या खुर्चीआधी नऊ वर्षांचं काम होतं.

मार्चमध्ये येताय म्हणजे शिमग्याला असाल. पालखीला खांदा द्या, भाषण देऊ नका. नावापुढे हुद्दा लावायची घाई नको. लोक आपणहून लावतात, कधीकधी चेष्टेनेही. मे महिन्यात चाकरमानी उतरले की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. तोवर टँकर कुठल्या वाडीला किती दिवसांनी येतो, ते एका वहीत टिपत राहा.