थारला जादा टाकी बसवावी का?

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवलंय. वय ३९, अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी, हातात महिन्याला ९२,००० रुपये. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून डिझेलची फोर बाय फोर थार घेतली. येत्या जूनमध्ये मित्रांबरोबर मनालीमार्गे लेह, तिथून हानले आणि उमलिंग ला ही खिंड असा बेत आहे. त्यापुढच्या हिवाळ्यात स्पिती. एका अ‍ॅक्सेसरीजवाल्याने गाडीखाली ४० लिटरची जादा टाकी, पंप, पाइपलाइन आणि डॅशबोर्डवर स्विच असं सगळं मिळून ८५,००० रुपये सांगितलेत. त्यातले ५,००० अ‍ॅडव्हान्स देऊनही झालेत. त्यांचा प्रश्न असा: उरलेले ८०,००० कार्डाच्या ईएमआयवर टाकू, एफडी मोडू, की काही महिने एसआयपी थांबवू? शेवटी एक ओळ आहे, ‘बायको म्हणते टाकीच नको, पण तिला ऑफरोडिंग कळत नाही.’

वहिनींना ऑफरोडिंग कळत नसेल, हिशेब मात्र चांगला कळतो असं दिसतंय.

पैसे कुठून काढायचे हे तुम्ही विचारलंत. पण टाकीने नेमकं मिळणार काय, हा त्याच्या आधीचा प्रश्न पत्रात कुठेच नाही. लिटरमागे बचत होणार नाही, मायलेज वाढणार नाही. वजन वाढल्यामुळे थोडं घटेलच. मिळणार आहे ते फक्त अंतर. मग ते अंतर तुमच्याकडे आधीच आहे का, ते बघू.

थारची मूळ टाकी ५७ लिटरची. हायवेला ती किती देते ते सोडून द्या, कारण नाशिक ते मनालीपर्यंत पंपांना तोटा नाही. आपण वाईटात वाईट धरू: उंची, चढ, फोर-लो (फोर बाय फोरचा जास्त ताकदीचा हळू गिअर), गारठा, आणि लिटरला ८ किलोमीटर. ५७ गुणिले ८ म्हणजे ४५६ किलोमीटर. आता मनाली-लेह रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे तांदीचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तिथली पाटी तुम्ही फोटोत पाहिली असेलच, त्या पाटीसमोर उभं राहून फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. खरं तर लेहच्या अलीकडे कारूलाही पंप आहे. तो नसता तरी ४५६ मधून ३६५ गेले की ९१ उरतात. तांदीला टाकी फुल्ल केलीत तर लेहला पोचताना काटा खाली असेल, पण गाडी बंद पडणार नाही. स्पितीत तर प्रश्नच नाही. काझाला पंप आहे, आणि हिवाळ्यात मनालीकडचा कुंझुमचा रस्ता बंद असल्याने ज्या शिमला-किन्नौर वाटेने जावं लागेल, तिच्यावरही पंप आहेत.

खरी अडचण आहे ती हानलेची, आणि तिथे तुमची काळजी रास्त आहे. लेहहून हानले एका बाजूने २५० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ५००, वर उमलिंग ला धरलं तर ६०० च्या पुढे. १९,०२४ फुटांवर इंजिन धापा टाकत असताना ४५६ किलोमीटरच्या भरवशावर कोणी जाऊ नये, आणि वाटेत कुठेतरी डिझेल मिळेलच असंही धरू नये. मात्र ही तूट साधारण दीडशे ते दोनशे किलोमीटरची आहे, म्हणजे जास्तीत जास्त २५ लिटरची. २० लिटरच्या दोन लोखंडी जेरी कॅन घेतल्या की एकूण डिझेल ९७ लिटर आणि पल्ला ७७६ किलोमीटर. चाळीस लिटर तेच, प्रवासही तोच. कॅन आणि त्यांचा मागचा स्टँड मिळून खर्च साधारण दहा हजारांच्या आत.

हे आकडे माझ्या शब्दावर घेऊ नका. एखाद्या रविवारी गंगापूर रोडच्या पंपावर पहिला ऑटो-कट पडेपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत डिझेल भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, वणीमार्गे सापुतारा करून या. परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलने, पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. स्क्रीनवर दिसणारं मायलेज आणि हे मायलेज यांत फरक पडला तर पावतीवर विश्वास ठेवा. सापुताऱ्याच्या घाटात जे मिळेल त्यातून लडाखसाठी एक चतुर्थांश वजा करा. तरीही ८ च्या खाली जात असेल, तर टाकीआधी इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि टायरची हवा तपासून घ्या.

जादा टाकीचे जे व्हिडिओ आपण बघतो, त्यातले पुष्कळसे ऑस्ट्रेलियातले असतात. तिकडे त्या टाकीला अर्थ आहे. कॅनिंग स्टॉक रूट हा सुमारे १,८५० किलोमीटरचा वाळवंटी मार्ग, आणि इंधन मिळायचं म्हणजे वाटेतल्या कुनावरिट्जीसारख्या एखाद्या वस्तीवर. तिथे दोन कॅनने भागत नाही. आपल्याकडे हरिहरच्या पायथ्याशी, भंडारदऱ्याच्या मागे किंवा साल्हेरकडे कितीही चिखल तुडवलात तरी तासाभरात कुठला ना कुठला पंप लागतोच. वर्षातले पन्नास आठवडे ती टाकी रिकामीच फिरणार. गाडी आणखी पाच वर्षं ठेवलीत आणि दरवर्षी असा एक मोठा प्रवास केलात, तरी एका प्रवासामागे टाकीचे १७,००० रुपये पडतात, डिझेल वेगळं.

पत्रात तुम्ही ओझरता उल्लेख केलाय की गुजरातेत गेलं की स्वस्त भरून आणता येईल. पेट्रोलवाल्यांनी हे म्हटलं तर समजू शकतो. डिझेलमध्ये तफावत फारशी नसते. लिटरला दोन रुपये वाचले असं धरलं तरी ४० लिटरमागे ८० रुपये. ८५,००० वसूल व्हायला हजाराहून जास्त वेळा टाकी भरायला लागेल, आणि तेवढ्यासाठी पेठ ओलांडून सीमेपर्यंत जाणं-येणं आलंच.

आता कागदपत्रं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मोठा खर्च इथे लपलाय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम आणखी कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नाक्यावर कोणी टाकी मोजत बसत नाही, असं दुकानदार म्हणेल, आणि एरवी ते खरंही असेल. पण पाच हजारांचा दंड ही यातली किरकोळ रक्कम. उद्या त्या टाकीच्या जोडणीतून गळती होऊन गाडीने पेट घेतला, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी गाडीखाली वाकून बघेल. इंधनाच्या लाइनमध्ये न कळवलेला बदल सापडला की तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला त्याला आयतं कारण मिळतं. गाडी राहणार नाही, बँकेचा हप्ता मात्र राहील. गाडी बँकेकडे तारण आहे हेही विसरू नका. असा बदल बँकेला न सांगता करणं कर्जाच्या करारात सहसा बसत नाही.

वॉरंटीचंही तसंच. इंजिन कॉमन रेल, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणारं आहे आणि त्याचे इंजेक्टर कचऱ्याच्या बाबतीत फार नाजूक असतात. वेल्डिंग केलेल्या टाकीत आतून गंज धरला, किंवा अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहून आत पाणी साचलं, तर ते पंपावाटे मूळ टाकीत आणि तिथून पुढे जातं. इंजेक्टरचं बिल हातात पडल्यावर सर्व्हिस सेंटरवाला गाडीखालची ती काळी टाकी दाखवून हात झटकेल. मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे मी सांगायला नको. आपल्याच सातपूरला कंपनी थार बनवते, तुमच्या ओळखीचा कोणीतरी तिथे असेलच. त्याला खासगीत विचारून बघा, तो स्वतःच्या गाडीला बसवेल का.

हिवाळी स्पितीच्या बाबतीत तर जादा डिझेल हीच अडचण होऊ शकते. कडाक्याच्या थंडीत साधं डिझेल मेणासारखं गोठायला लागतं, फिल्टर चोंदतो. म्हणून तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. खालून भरून नेलेलं साधं डिझेल जितकं जास्त, तितकी डोकेदुखी मोठी.

आता तुमचा मूळ प्रश्न, पैसे कुठून. तुमच्याच पत्रातले आकडे मांडतो. घराचा हप्ता २१,५००, गाडीचा १९,८००, घरखर्च आणि मुलीची शाळा ३१,०००, विम्याचे हप्ते महिन्यावर पाडले तर ३,५००, एसआयपी ८,०००. बेरीज ८३,८००. हातात उरतात ८,२००. दुकानदाराने सांगितलेल्या १५ टक्के दराने ८०,००० चा बारा महिन्यांचा ईएमआय येतो सुमारे ७,२२०. व्याज साधारण ६,६५०, त्यावर १८ टक्के जीएसटीचे आणखी बाराशे. म्हणजे वर्षभर महिनाअखेरीला तुमच्याकडे हजाराच्या आत रुपये राहणार. त्याच वर्षात लेहचा ७०,००० चा खर्चही आहे. कार्ड बाद.

एफडी आहे १,४०,००० ची आणि अडीअडचणीला तुमच्याकडे तेवढीच. एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा खर्च ७५,८००, म्हणजे ही रक्कम दोन महिनेही पुरत नाही. त्यातून ८०,००० काढलेत तर उरतील ६०,०००. मुदतीआधी मोडल्याबद्दल बहुतेक बँका व्याजात अर्धा-एक टक्का कापतात, पण तो मुद्दा गौण. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बायको आणि मुलगी आहेत, ६७ वर्षांची आई नाही, असं तुम्हीच लिहिलंय. वाचताना मी या ओळीवर थांबलो. ही एफडी म्हणजे आज आईंचा एकमेव आरोग्य विमा आहे. तिला हात लावायचा नाही.

एसआयपी थांबवायची तर दहा महिने. तीनही पर्यायांत त्यातल्या त्यात हा कमी वाईट, कारण निदान डोक्यावर कर्ज चढत नाही. पण ती एसआयपी मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आहे आणि मुलगी आठवीत आहे. हाताशी चार वर्षं असताना त्यातली दहा महिने गाडीखालच्या टाकीला द्यायचे, हे तुमचं तुम्हालाच पटणार नाही.

म्हणून माझं मत: टाकी नको, प्रवास जरूर करा. हौस करू नका असं मी कोणाला सांगत नाही, आणि चाळिशीच्या आधी उमलिंग ला बघायचं असेल तर ते बघावंच. जूनपर्यंत महिन्याचे ८,२०० प्रवासासाठी वेगळ्या खात्यात टाकत जा. दिवाळीचा बोनस आला असेल तर त्यातून आधी आईंसाठी ज्येष्ठ नागरिकांची पॉलिसी घ्या. आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, त्यामुळे जितकी लवकर घ्याल तितकं बरं. प्रवासातून उरेल ते एफडीत, निदान साडेचार लाख होईपर्यंत.

कॅनबद्दल दोन-चार गोष्टी, कारण तिथेही माणसं घाई करतात. प्लास्टिकची नको, लोखंडीच, रबरी वॉशर शाबूत असलेली. नाशिकहून भरून नेऊ नका. मनालीपर्यंत रिकाम्या न्या, हानलेला निघायच्या आधी लेह किंवा कारूला भरा. गळ्यापर्यंत भरायची नाही, वर थोडी जागा सोडायची. गाडीच्या आत तर अजिबात ठेवायची नाही. स्टँड मागच्या दारावर बसवत असाल तर बिजागरीला आधी मजबुती द्या. दोन भरलेल्या कॅनचं वजन चाळीस किलोच्या घरात जातं. मित्रांपैकी कोणाची मारुतीची जिमनी असेल तर त्याला वेगळं सांगा. तिची टाकी ४० लिटरची, तीही पेट्रोलची, त्यामुळे त्याला तांदी ते लेहमध्येच कॅनची गरज पडू शकते. पण पेट्रोलियम कायद्याने विनापरवाना पेट्रोल ३० लिटरच्या वर बाळगता येत नाही, म्हणून त्याने एकच कॅन घ्यावी. डिझेलला ही मर्यादा बरीच सैल आहे.

एवढं सगळं वाचूनही टाकी हवीच असेल, तर पेठ रोडच्या आरटीओत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. विमा कंपनीला आणि बँकेला ईमेल करा. ‘हो’ कागदावर आल्याशिवाय गाडीखाली वेल्डिंगचा रॉड जाऊ देऊ नका.

राहता राहिले अ‍ॅडव्हान्सचे ५,०००. काम सुरू झालेलं नाही, सरळ परत मागा. दुकानदार कुरकुरला तर वाद घालत बसू नका. त्याच रकमेत त्याच्याकडून एक कॅन, स्टँड आणि टो-स्ट्रॅप (अडकलेली गाडी ओढायचा पट्टा) घ्या. त्या तिन्ही वस्तू तुम्हाला जूनमध्ये लागणारच आहेत. दुसरी कॅन मित्राकडे असेल तर तीही विकत घेऊ नका.