एनडीए पुन्हा की पदवीनंतरची वाट?

प्रश्न : आमचा हर्णैला मच्छीमारीचा व्यवसाय आहे. मुलाने बारावीत असतानाच एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा उत्तीर्ण केली. परंतु एसएसबीत, म्हणजे निवड मंडळापुढील मुलाखत व चाचण्यांत, शेवटच्या दिवशी तो ‘कॉन्फरन्स आउट’ झाला, म्हणजे अंतिम टप्प्यावर नाकारला गेला. जूनमध्ये त्याला 18 वर्षे पूर्ण झाली. तो दापोलीत बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असून एनसीसीतही आहे. नौदलात अधिकारी होण्यासाठी कॉलेज सोडून केवळ एनडीएचीच तयारी करतो, असे तो म्हणतो. त्याला परवानगी द्यावी का?
— एक पालक, हर्णै

उत्तर : परीक्षा त्याने अवश्य द्यावी, कॉलेज मात्र सोडू नये. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, पण साडेसोळा ते साडेएकोणीस ही वयोमर्यादा परीक्षेच्या नव्हे, तर प्रशिक्षण सुरू होण्याच्या सुमारास मोजली जाते. त्यामुळे त्याच्या हाती फार तर एक संधी उरते. जाहिरातीतील जन्मतारखांची अट आधी पाहावी. शिवाय लेखी परीक्षेचे 900 गुण त्याला अडले नाहीत, एसएसबीचे 900 अडले. ती उणीव घरी बसून गणिते सोडवल्याने भरून निघणार नाही. चार जणांना बरोबर घेऊन काम करण्याची सवय एनसीसीत लागेल, आणि आपल्याच होडीवर तांडेलाच्या (होडीच्या प्रमुखाच्या) हाताखाली सुट्टी काढली तर तीही वाया जाणार नाही.

खरी अडचण वेगळी आहे. पदवीनंतरच्या सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा) परीक्षेतून केरळमधील एझिमळा येथील नौदल अकादमीत जाण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागते. बीएस्सी झालेल्याला त्या परीक्षेतून डेहराडूनची भूसेना अकादमी किंवा चेन्नईची ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) मिळू शकते. नौदलच हवे असेल, तर अभियांत्रिकीकडे वळण्याचा विचार याच वर्षी करावा. नुसता समुद्र हवा असेल, तर तटरक्षक दलातील असिस्टंट कमांडंट हे पद आहे. त्यासाठी पदवीबरोबर बारावीपर्यंत गणित आणि भौतिकशास्त्र असावे लागते.

भूसेना चालत असेल, तर एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला 50 टक्के गुण मिळवावेत. एनसीसी उमेदवारांसाठीच्या या खास प्रवेशाला लेखी परीक्षा नसते, उमेदवारांची छाननी होऊन थेट एसएसबीचे बोलावणे येते. मिळते ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे 10 वर्षांची सेवा, जी आणखी 4 वर्षे वाढू शकते. अशा उमेदवारांची एसएसबीची निवासी तयारी नाशिक रोडचे शासकीय छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र विनाशुल्क करून घेते.