अरबस्तानातला मुंबईचा तुरुंग

प्रश्न : वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेपेवर एडनला नेलं. एडन तर अरबस्तानात! तिथे इंग्रजांचा तुरुंग कसा? त्यांना अरबस्तान जिंकायचा होता का?

उत्तर : अरबस्तान नव्हे हो, बंदर हवं होतं. १८८० मध्ये फडक्यांना तिकडे नेलं तेव्हा सरकारदरबारी एडन परमुलूख नव्हताच. त्याचा कारभार मुंबई सरकारच पाहत होतं.

याच्या मुळाशी कोळसा आहे. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. कोठारात मावेना म्हणून केबिनींतसुद्धा कोळसा भरला, तरी एडन गाठेपर्यंत तो संपत आला. वाटेत ठाणं हवंच होतं. १८३७ मध्ये निमित्त मिळालं. इंग्रजी निशाणाचं ‘दर्या दौलत’ जहाज एडनजवळ रुतलं आणि लुटलं गेलं. त्यावर हजचे यात्रेकरू होते! म्हणजे मक्केला निघालेल्या मुसलमानांची कड घेऊन कंपनीने मुसलमान सुलतानाचं बंदर मागितलं. एडनचा धनी असलेल्या लहेजच्या सुलतानाशी कंपनीच्या कॅप्टन हेन्सने बोलणी लावली, ती फिसकटली, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी एडन पडलं. त्या फौजेत मुंबईच्या देशी पलटणीचे शिपाईही होते.

धर्मयुद्धाची भाषा याच बंदरापुढे पोर्तुगीज आधी बोलून गेले होते. १५१३ मध्ये त्यांचा सेनानी अल्बुकर्क याने तटाला शिड्या लावल्या. शिपायांची अशी झुंबड उडाली की शिड्याच मोडल्या, आणि स्वारी बारगळली. मनसुबे मात्र केवढे! नाईलचं पाणी वळवून इजिप्त सुकवायचा, मदिनेहून पैगंबरांचे अवशेष पळवायचे आणि त्यांच्या बदल्यात जेरुसलेम मागायचं. मला यात शौर्यापेक्षा अज्ञानच जास्त दिसतं. इंग्रजांनी असलं काही मनात आणलं नाही. आसपासच्या टोळीप्रमुखांना तनखे बांधून दिले, करार केले आणि धक्क्यावर कोळशाच्या राशी लावल्या. मुलूख असाही गिळता येतो.

जाता जाता हेन्सचंही सांगतो. पंधरा वर्षं एडन सांभाळल्यावर त्याच्या हिशेबात तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून सुटला, पण त्याच पैशांच्या देण्यापायी मुंबईच्या तुरुंगात खितपत पडला. १८६० मध्ये सुटका झाली आणि थोड्याच दिवसांत मुंबई बंदरातच तो वारला.

फडके एडनच्या तुरुंगातून एकदा निसटले, पण पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. मुंबईचा एडनवरचा अंमल १९३२ पर्यंत चालला. १९३७ पासून ते थेट लंडनच्या ताब्यातली वसाहत झालं.