‘अमेरिकेची सनद’ नावाचा कागद कुणीच देत नाही

प्रश्न : मी नाशिकला बी.ए. एलएल.बी.च्या चौथ्या वर्षाला आहे. राज्यघटना हा माझा आवडीचा विषय. अमेरिकेत केंद्र आणि राज्यं यांच्यातली अधिकारांची वाटणी कशी चालते, यावर तिथे जाऊन एलएल.एम. करायचं मनात आहे. काका न्यू जर्सीत एडिसनला असतात. बाबांचं म्हणणं असं, की एक वर्षाचा एलएल.एम. कर, काकांकडे राहा आणि तिथेच वकिली सुरू कर. त्यासाठीची केंद्रीय परीक्षा कोणती? आणि या विषयाला नोकऱ्या आहेत का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अशी केंद्रीय परीक्षा नाही. का नाही, याचं उत्तर तुझ्या आवडीच्या विषयातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपल्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ हा संसदेचा कायदा आहे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून सनद घेतलीस, की कलम ३० प्रमाणे गुवाहाटीच्या कोर्टातही उभी राहू शकतेस. (हे कलम प्रत्यक्षात लागू व्हायला २०११ उजाडलं, हा भाग वेगळा.) अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, घटनेनं जे अधिकार मोजून दिले आहेत, त्यांत वकिलांना परवाना देणं बसत नाही. जे दिलेलं नाही ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतं, असं १७९१ ची दहावी दुरुस्ती सांगते. त्यामुळे डॉक्टर, नर्स, शिक्षक, वकील या सगळ्यांचे परवाने ज्याचं त्याचं राज्य देतं. वकिलांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी राज्याचं सर्वोच्च न्यायालय देतं. न्यू यॉर्कमध्ये हे काम अपेलेट डिव्हिजन करतं. तिथल्या ‘सुप्रीम कोर्ट’ या नावानं फसू नकोस. न्यू यॉर्कचं सुप्रीम कोर्ट म्हणजे खटले चालवणारं खालचं कोर्ट. सगळ्यात वरचं ते कोर्ट ऑफ अपील्स.

आता दुसरी बाजू. व्हिसा पूर्णपणे वॉशिंग्टनच्या हातात. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा, त्यानंतरची काम करण्याची मुभा, एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, यात कुठल्याही राज्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे तुझी फाइल दोन टेबलांवरून जाणार, आणि ही टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. बाबांच्या योजनेतला प्रत्येक टप्पा कुठल्या टेबलावर जातो, ते आधी लिहून काढ.

पहिलं टेबल राज्याचं. परदेशी पदवी घेतलेल्यांसाठी न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया यांनी दार त्यातल्या त्यात उघडं ठेवलं आहे. बऱ्याच राज्यांत तीन वर्षांची जे.डी. (अमेरिकेतली वकिलीची मूळ पदवी) नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. कॅलिफोर्नियात आपल्या देशात सनद असलेला वकील एलएल.एम. न करताही परीक्षा देऊ शकतो. न्यू यॉर्कचा नियम ५२०.६ नीट वाच. आपण कॉमन लॉ, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या न्यायपद्धतीच्या, परंपरेतले, त्यामुळे पदवीचा कालावधी आणि आशय दोन्ही पुरेसे ठरले तर एलएल.एम.शिवायही परवानगी मिळू शकते. हे ठरवतं तिथलं परीक्षा मंडळ. म्हणून एलएल.एम.ची फी भरण्याआधी मंडळाकडे पदवीच्या मूल्यमापनाचा अर्ज कर. नामांकित खासगी विद्यापीठांत नुसती शिकवणीची फीच सत्तर हजार डॉलरच्या पुढे जाते. ती आधी भरायची आणि मग कळायचं, की परीक्षेसाठी एलएल.एम.ची गरजच नव्हती, असं नको. या अर्जाला महिने लागतात. गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं विद्यापीठानं थेट मंडळाकडे पाठवायची असतात. तुझ्या हातची झेरॉक्स चालत नाही. परीक्षा विभागात खेटे घालायचे दिवस आत्तापासूनच धरून ठेव.

मूल्यमापनात कालावधी किंवा आशय यांपैकी एकाच बाबतीत कमतरता निघाली, तर ती एलएल.एम.नं भरून काढता येते, पण तो एलएल.एम. नियमात बसणारा हवा. किमान २४ क्रेडिट, अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलमध्ये प्रत्यक्ष वर्गात बसून, २४ महिन्यांच्या आत. त्यांतली दोन क्रेडिट व्यावसायिक नीतिनियमांची, दोन कायदेशीर संशोधन व लेखनाची, दोन अमेरिकी कायद्याच्या ओळखीची आणि सहा बार परीक्षेत, म्हणजे सनदेसाठीच्या परीक्षेत, येणाऱ्या विषयांची. म्हणजे बारा क्रेडिट आधीच बांधली गेली, तुझ्या आवडीच्या सेमिनारसाठी उरली बारा. इथे चूक होते ती अशी, की विद्यार्थी भारून जाऊन सगळी क्रेडिट घटनेवरच्या सेमिनारांवर खर्च करतात आणि मे महिन्यात लक्षात येतं की परीक्षेच्या विषयांत सहाऐवजी तीनच भरली. घटनात्मक कायद्याचा मूळ कोर्स परीक्षेच्या विषयांत धरला जातो, तो पहिल्याच सत्रात घे. ऑनलाइन एलएल.एम. स्वस्त असतो, पण या नियमाला चालत नाही.

न्यू यॉर्कची परीक्षा ‘युनिफॉर्म’ नावाची आहे. ४०० पैकी २६६ ला पास. शिवाय नीतिनियमांची वेगळी परीक्षा, तिला ८५ लागतात. आणि ५० तास विनामोबदला कायदेविषयक काम. ‘युनिफॉर्म’ या शब्दानं बाबांचा नक्की गैरसमज होईल. ही परीक्षा बरीच राज्यं घेतात आणि गुण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येतात. पण जातात ते फक्त गुण. तुझी पदवी चालेल की नाही, हे प्रत्येक राज्य नव्यानं ठरवतं. न्यू यॉर्कला तीनशे गुण मिळवलेस तरी शेजारचं राज्य पदवीच्या कारणावरून दार बंद ठेवू शकतं.

एडिसनचा मुद्दा यातूनच निघतो. न्यू यॉर्कची सनद घेऊन एडिसनमध्ये पाटी लावून घरखरेदीचे, घटस्फोटाचे, वारसाचे कज्जे घेता येणार नाहीत. तो विनापरवाना वकिली केल्याचा गुन्हा होईल. एडिसनला राहून रोज रेल्वेनं मॅनहॅटनला जाणं मात्र चालतं. १९८५ मध्ये पायपर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की केवळ राज्यात राहत नाही म्हणून न्यू हॅम्पशायर सनद नाकारू शकत नाही. खटला लढवणाऱ्या पायपरबाई व्हरमाँटमध्ये, राज्याच्या सीमेपासून चारशे यार्डांवर राहत होत्या. पण यालाही पोटनियम असतात. राज्याबाहेर राहणाऱ्या वकिलानं न्यू यॉर्कमध्ये प्रत्यक्ष कार्यालय ठेवावं, असा तिथल्या कायद्याचा आग्रह होता. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनच्या एका वकीलबाईंनी त्याला आव्हान दिलं, आणि २०१६ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या, अपील न्यायालयानं कायदा कायम ठेवला. स्वतःचं ऑफिस काकांच्या हॉलमध्ये थाटायचा विचार असेल, तर हे प्रकरण वाच.

परदेशी नागरिकाला सनद मिळते का? कायम वास्तव्याचा हक्क असलेल्यांना राज्य अडवू शकत नाही, हे १९७३ च्या ग्रिफिथ्स निकालानं ठरलं. व्हिसावर असलेल्यांचं मात्र फेडरल अपील न्यायालयांतच, म्हणजे ‘सर्किट’ म्हणतात त्या विभागवार न्यायालयांतच, एकमत नाही. लुइझियानानं व्हिसाधारकांना वकिली नाकारली, ते पाचव्या सर्किटनं २००५ मध्ये चालवून घेतलं. न्यू यॉर्कनं एच-१बीवरच्या फार्मासिस्टना परवाना नाकारला, तो कायदा दुसऱ्या सर्किटनं २०१२ मध्ये, दंडामुडी खटल्यात, रद्द केला. देश एक, घटना एक, आणि तुझं भवितव्य तू कुठल्या सर्किटमध्ये उतरतेस त्यावर!

दुसऱ्या टेबलावर खरी अडचण वेळेची आहे. एलएल.एम. संपला की एफ-१वर बारा महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ कायद्याला नाही. आता दिवस मोज. अभ्यासक्रम मेच्या मध्यात संपला, तर ओपीटी जास्तीत जास्त साठ दिवसांत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, सुरू करावीच लागते. बार परीक्षा जुलैच्या अखेरीस. न्यू यॉर्कचा निकाल साधारण ऑक्टोबरच्या शेवटी. आणि ओपीटीत बेरोजगार राहायची मर्यादा एकूण नव्वद दिवस. म्हणजे ‘निकाल लागला की नोकरी शोधू’ म्हणणाऱ्याचे नव्वद दिवस निकालाच्या आधीच संपतात. सनद देणारं राज्य निकाल केव्हा लावतं, याच्याशी व्हिसावाल्यांना देणंघेणं नाही. यावर वाट अशी, की आठवड्याला किमान वीस तास आपल्या विषयाशी संबंधित काम असेल तर ते विनावेतनही धरलं जातं. मात्र कामगार कायद्यात बसणारं हवं, आणि तो कायदा परत फेडरलही असतो नि राज्याचाही. अशी जागा मार्चमध्येच ठरवून ठेवायची.

एक पळवाट मात्र कायदेशीर आहे, आणि मराठी मंडळींच्या वस्तीत तिला गिऱ्हाईकही आहे. स्थलांतराचा कायदा फेडरल. फेडरल स्थलांतर खात्यांपुढे आणि न्यायाधिकरणांपुढे काम करायला कुठल्याही एका राज्याची सनद पुरते. असंच पेटंटचं. १९६३ च्या स्पेरी खटल्यात फ्लोरिडाचं म्हणणं होतं, की हा गृहस्थ वकील नसताना पेटंटचं काम करतो. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फेडरल कार्यालयानं त्याची नोंदणी केली आहे, राज्यानं त्या कामात आडवं येऊ नये. पेटंटच्या नोंदणीला विज्ञान-अभियांत्रिकीची पार्श्वभूमी लागते, त्यामुळे ती वाट तुझी नाही. स्थलांतराची मात्र जरूर तपास.

आता विषयाबद्दल. तू आपल्या घटनेतली, केंद्र-राज्यांच्या अधिकारांच्या याद्या देणारी सातवी अनुसूची डोक्यात घेऊन जाशील आणि पहिल्याच पेपरात घसरशील. तिथे राज्यसूची नाही, समवर्ती सूचीही नाही. आपल्याकडे शेषाधिकार, म्हणजे कुठल्याच यादीत नसलेले अधिकार, संसदेकडे, तिथे राज्यांकडे. त्यामुळे राज्याला ‘हा अधिकार कुठून आणलास’ असं विचारायचंच नसतं, तो प्रश्न फक्त काँग्रेसला. बार परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांत एक पर्याय हमखास असतो : ‘लोकांच्या आरोग्य व सुरक्षेसाठी कायदा करण्याचा काँग्रेसचा सर्वसाधारण अधिकार’. वाचायला बरोबर वाटतो, म्हणूनच चुकतो. असा सर्वसाधारण अधिकार राज्यांकडे आहे. काँग्रेसकडे तो फक्त राजधानीचा जिल्हा, फेडरल प्रदेश अशा जागांपुरता. बाकी ठिकाणी काँग्रेसला पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमातल्या अठरा खंडांपैकी एखाद्यावर किंवा घटनेत इतरत्र बोट ठेवावं लागतं.

आणि ते बोट कुठवर पोचतं, ते ओहायोच्या रॉस्को फिलबर्नच्या गव्हात बघ. १९४१ च्या पिकासाठी त्याला ११.१ एकरांची मर्यादा होती, त्यानं २३ एकर पेरलं. जास्तीचा गहू निघाला २३९ बुशेल (धान्याचं तिथलं माप). दंड बुशेलला ४९ सेंट, एकूण ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला, हा गहू घरच्यासाठी, जनावरांसाठी. यात ‘आंतरराज्य व्यापार’ कुठे आला? न्यायालयानं १९४२ मध्ये उत्तर दिलं, की घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातला घेतला नाही, आणि सगळेच असं करू लागले तर देशभरचा भाव हलतो. त्यानंतर पन्नास वर्षं व्यापाराच्या नावाखाली जवळपास काहीही बसत होतं. १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात शाळेजवळ बंदूक बाळगण्याचा फेडरल गुन्हा त्यात बसला नाही, तेव्हा पहिल्यांदा थांबा आला. हे दोन निकाल शेजारी ठेवून, पहिल्यात गहू का चालला नि दुसऱ्यात बंदूक का चालली नाही, हे दोन पानांत मराठीत लिहून बघ. जमलं तर विषय तुझा आहे.

नोकऱ्या. ‘संघराज्यतज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात येत नाही. हे खटले लढवतात राज्यांच्या ॲटर्नी जनरलची कार्यालयं आणि फेडरल न्याय खातं. फेडरल नोकऱ्यांना सहसा नागरिकत्व लागतं, तेव्हा तो रस्ता सध्या मिटलेला धर. पण या वाटणीमुळे कंपन्यांची जी डोकेदुखी होते, तिच्यात पोटापाण्याचं काम भरपूर आहे. २०१८ च्या वेफेअर निकालानंतर राज्यात दुकान नसलेल्या ऑनलाइन विक्रेत्यावरही राज्य विक्रीकर लावू शकतं; साउथ डकोटाच्या त्या कायद्यात उंबरठा होता वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा दोनशे व्यवहार. प्रत्येक राज्याचा उंबरठा वेगळा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वसमावेशक फेडरल कायदा नाही, म्हणून कॅलिफोर्नियाचा वेगळा, इतरांचे वेगळे. ही राज्यवार छाननी करणाऱ्या टीम पुण्या-मुंबईतही बसतात. अमेरिकी वकिलाच्या देखरेखीखाली हे काम करायला अमेरिकी सनद लागत नाही. माझा कल स्पष्टपणे इकडे आहे : पदवी, इथली सनद, दोन वर्षं असं काम, आणि मग, पगारातून थोडी शिल्लक टाकल्यावर, एलएल.एम. करायचा. शिकवायचंच असेल, तर मात्र इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून एलएल.एम. आणि नेट हा मार्ग सरळ आहे. तुलनात्मक संघराज्य तिथेही शिकता येतं.

अमेरिकेतच कायमची वकिली हवी असेल, तर एक वर्षाच्या एलएल.एम.पेक्षा तीन वर्षांच्या जे.डी.चा हिशोब बाबांसोबत मांड. खर्च तिप्पट, पण मान्यताप्राप्त लॉ स्कूलची जे.डी. सगळ्या राज्यांत परीक्षेला चालते. त्यासाठीची प्रवेश परीक्षा एलसॅट किंवा, चालत असेल तिथे, जीआरई.

या वर्षी करायचं ते एवढंच : चौथ्या वर्षाची गुणपत्रकं विद्यापीठाकडून सीलबंद कशी मिळतात त्याची चौकशी, न्यू यॉर्कचा ५२०.६ नियम मुळातून वाचणं, आणि काकांना एक फोन. त्यांच्या ओळखीतल्या एखाद्या वकिलाला विचारायला सांग, की तुमच्याकडे कुठल्या राज्याची सनद आहे आणि काम कुठल्या कोर्टात चालतं. बाबांना माझ्या पत्रापेक्षा ते उत्तर लवकर पटेल.