दर वेळी वेगळा एरर? आधी रॅम तपासा
विंडोज पुन्हा टाकायची घाई करू नका. पीसी क्रॅश होताना येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळा एरर येत असेल, तर पहिला संशय रॅमवर. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, बंद करा. डीडीआर5 रॅमच्या स्टिकवर छापलेला 6000 चा वेग हे खरं तर ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं; ते प्रत्येक प्रोसेसर-बोर्डच्या जोडीला झेपतंच असं नाही. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एक एरर आला तरी रॅम नापास. मग वीज बंद करून एकेक स्टिक प्रोसेसरपासून मोजून दोन नंबरच्या स्लॉटमध्ये बसवून तपासा.

रॅम निर्दोष, पण गेम खेळताना निळा स्क्रीन न येताच पीसी बंद पडतोय? मग पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्डाच्या केबल बघा. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधलं ‘कर्नल-पॉवर 41’ फक्त पीसी नीट शटडाउन झाला नाही एवढंच सांगतं, कारण सांगत नाही.